सावरटेक थांब्यावरील पादत्राणे

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षे कालव्यांची मोजणी केली. पाण्याला योग्य उतार दिला की ते न कुरकुरता ठरल्या जागी जाते. माणसांना कोणता उतार द्यावा, हे मात्र मला अमरावतीच्या तंत्रनिकेतनात कोणी शिकवले नाही आणि पुढे सावरटेकला राहूनही उमगले नाही.

सावरटेक हे आमचे गाव. वाशीम तेथून रेल्वेने पंचवीस मिनिटांवर, आणि एस.टी.ने, ती आलीच तर, दीड तासावर. गावाला रेल्वेचा थांबा आहे, पण सकाळची गाडी तेथे कधी थांबत नसे. स्टेशन म्हणावे असे तेथे काही नाही. रुळांपेक्षा जेमतेम हातभर उंच फलाट, पत्र्याची तिकीट खिडकी आणि फलाटाच्या अकोल्याकडील टोकाला एक कडुनिंब, एवढाच संसार. खिडकीत कंत्राटावर तिकिटे विकणारा हरीओम बसतो आणि त्याच खिडकीच्या बाजूने चहाही विकतो.

यंदा जानेवारीत या मार्गावर विजेवर धावणारी नवी मेमू गाडी सुरू झाली. सकाळी सात बावन्नला वाशीमकडे, संध्याकाळी सहा दहाला परत. ती जाहीर झाल्यापासून तिचा थांबा मिळावा म्हणून मी तीन वर्षांत सत्तावीस अर्ज केले होते. थांबा मिळाला, पण तीन महिन्यांसाठी, प्रायोगिक तत्त्वावर आणि अवघा एक मिनिट.

माझी नात संस्कृती वाशीमच्या तंत्रनिकेतनात पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. एस.टी.च्या भरवशावर तिचे पहिले सत्र वाया गेले, कारण कार्यशाळा नऊला सुरू होई आणि ही पावणेअकराला पोहोचे. हजेरी भरली नाही, परीक्षेला बसू दिले नाही. वसतिगृहात जागा नव्हती. माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, जेवताना मान वर न करता सांगितले होते की उन्हाळ्यापर्यंत काही जमले नाही तर पोरीने घरी बसावे. तेव्हा इतरांसाठी ही गाडी सोय होती. संस्कृतीसाठी ती गाडी म्हणजेच कॉलेज होते.

पहिल्या आठवड्यात गाडी आमच्याकडे रोज तीन मिनिटे थांबली. कारण उघड होते. फलाटावर ऊन, म्हणून सारे लोक निंबाखाली बसत. गाडी मात्र फलाटाच्या मध्यावर थांबे आणि मग गाठोडी, भाजीच्या टोपल्या, डबे घेऊन चाळीस माणसे दीडशे फूट धावत. एस.टी.ला हात दाखवला की ती जवळ येते, या सवयीने काहीजण धावता धावता हातही दाखवत. गाडीला.

मार्ग एकेरी असल्याने आमची तीन मिनिटे पुढे वाशीमला समोरून येणाऱ्या गाडीच्या डोक्यावर बसत. फेब्रुवारीत हरीओमने मला बोलावून सांगितले, "सायब, वरून निरोप आला. असंच चाललं तं थांबा जाईन. एक अधिकारी गाडीतून येऊन सोता टाइम मोजणार हाय. दीड मिनिटाच्या वर गेलं, का खलास."

मी कामाला लागलो. दोन दिवस गाडीची दारे नेमकी कोठे येतात त्याच्या खुणा केल्या. चालक दोन्ही दिवस फलाटावरच्या एकाच पाटीसमोर थांबला, फरक फुटाचाही नव्हता. मग हरीओमकरवी रीतसर परवानगी घेऊन मधल्या सहा दारांसमोर चुन्याची फक्की मारून सहा सरळ रेषा ओढल्या. मारुतीच्या पारावर फळा टांगून सर्वांना समजावले की प्रत्येकाने आपापल्या रेषेवर रांगेत उभे राहावे, दार समोर येईल, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावे आणि मग चढावे. लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावणे हा सभेचा शिष्टाचार आहे, संमतीशी त्याचा संबंध नाही, हे मी नोकरीत विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी सव्वाचार मिनिटे थांबली.

रेषा पाहताच लोकांनी तेच केले जे ते रेशनच्या दुकानात, बँकेत आणि दवाखान्यात करतात. प्रत्येकाने चप्पल काढून रेषेवर ठेवली, नंबर लावला आणि अनवाणी जाऊन निंबाखाली बसला. फलाटावर चपलांच्या सहा शिस्तबद्ध रांगा उभ्या राहिल्या आणि माणूस एकही नाही. गाडी आली तशी माणसे आली. पण आता त्यांना आधी आपली चप्पल शोधायची होती, मग वाकायचे होते, मग अंगठा घालायचा होता आणि मागच्याच्या धक्क्याने उलटलेली दुसरी चप्पल सुलट करायची होती. मी स्टॉपवॉच लावले होते. केवळ वाकण्यात आणि घालण्यात माणशी अकरा सेकंद जात होते.

मनकर्णाबाई आमच्या भावकीतली, नात्याने माझी वहिनी. वाशीमच्या बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी विकते. मी तिला म्हणालो, "वहिनी, रेषेवर माणसाने उभे राहायचे आहे. चपलेने नाही."

"काहून? चपलेले तिकीट लागते काय?"

"गाडीला उशीर होतो."

"भाऊजी, रेशनवर ठेवतो, दवाखान्यात ठेवतो, बँकेतला सायब बी काई म्हनत नाई. तुमच्या गाडीचंच लय सोनं होऊन राह्यलं. अन् त्या उन्हात उभं राहून मी भोवळ येऊन पडली, तं माई भाजी तुमी विकसान काय?"

धरमसिंग हा तांड्यावरचा, धान्यबाजारात मापारी आहे. तो बाजूला बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "सायब, चप्पल म्हंजे आपला प्रतिनिधी. आमदारापरीस बरी. ठेवली तिथंच राह्यते."

सगळा निंब हसला. मी हसलो नाही. ऊन हीच अडचण असेल तर सावली करू, असा विचार करून मी हिरवी जाळी आणि बांबू आणले. हरीओमने हात जोडले. डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे, तिच्याजवळ बांबू उभा करू देणार नाही, म्हणाला. त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते, म्हणून मला त्याचा अधिकच राग आला. जाळी अजून आमच्या गोठ्यात पडून आहे.

पुढचे पाच आठवडे मी रोज सकाळी फलाटावर गेलो. विनवले, रागावलो, तक्ता लावला. ज्या दिवशी मी डोळे वटारून रेषेजवळ उभा असे, त्या दिवशी वेळ दोन मिनिटांवर येई. मी चहाला वळलो की पहिली चप्पल पडे, आणि एक पडली की बाकीच्यांना आपला नंबर जाण्याची धास्ती बसे.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी अधिकारी येणार असल्याचे कळले. आदल्या दिवशी संध्याकाळी मी घरोघर फिरलो. प्रत्येकाकडून वचन घेतले की उद्या रेषेवर एकही चप्पल दिसणार नाही. शिवाय थांब्याची गरज दिसावी म्हणून, ज्यांना ज्यांना वाशीमला काही काम आहे त्यांनी उद्याच यावे, असेही सांगितले. ही माझी चूक होती. लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणी करणार नाही.

मंगळवारी साडेसातला रेषा स्वच्छ होत्या. मी रात्री नवी फक्की मारून घेतली होती. संस्कृती पहिल्या रेषेजवळ उभी होती. त्या दिवशी तिची सत्रातली शेवटून दुसरी कार्यशाळा होती आणि कार्यशाळेत नाडीच्या बुटांशिवाय घेत नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी मलाही चपलेवरून परत पाठवले होते. मी तिला म्हणालो, "आज जमेल असे दिसते."

"आबाजी, तुमी चहा घ्या. घाम आला तुमाले."

गाडी कोठवर आली ते विचारायला मी खिडकीशी गेलो. हरीओम फोनवर होता, त्यामुळे पाच मिनिटे लागली. तेवढ्यात माझ्या बोलावण्यावरून आलेली माणसे येत गेली. चाळीसची बासष्ट झाली. गर्दी वाढलेली पाहून रोजच्यांना धास्ती बसली की आज पाहुणे आपल्या पुढे चढतील. मी वळून पाहिले तेव्हा सहाही रेषांवर चपला होत्या. नेहमीपेक्षा लांब रांगा. पहिल्या रेषेवर सर्वांत पुढे काळ्या नाडीच्या बुटांची एक जोडी होती, नाड्या सोडलेली.

"संस्कृती," मी म्हणालो, "तूही?"

"आबाजी, मागून सगळे घुसून राह्यले होते. सावलीत जाऊन आली असती दोन मिनिटात. मले आज चुकवता येत नाई."

तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला. निंबाखालची माणसे उठली.

बासष्ट माणसे, माणशी अकरा सेकंद, सहा दारे. आकडेमोड मी नको तेव्हा आपोआप करतो. चपला घालण्यातच एक मिनिट चोपन्न सेकंद जाणार होते, चढण्याचा वेळ वेगळा. थांबा गेला होता. गाडी फलाटात शिरली. शेवटच्या डब्याच्या दारात पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ मनगटाकडे पाहत उभे होते.

मी रेषांच्या मध्ये गेलो आणि आयुष्यात कालव्यावरच्या मजुरांवरही चढवला नव्हता एवढा आवाज चढवला. "कोणी वाकायचे नाही. चपला राहू द्या. तसेच चढा."

कोणी ऐकेल असे मला वाटले नव्हते. लोक रेषांपाशी येऊन थबकले. नवी चप्पल सोडून अनवाणी वाशीमला जायचे, हे ऐकायलाच विचित्र होते. मनकर्णाबाई तर अर्धी वाकलीही होती. दारे बरोबर रेषांसमोर येऊन थांबली.

संस्कृतीने एकदा बुटांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग बुटांना वळसा घालून ती मोज्यांवरच पायरी चढली.

"अव, पोरगी बुटं सोडून गेली," मनकर्णाबाई म्हणाली. तिने कंबर सरळ केली, टोपली डोक्यावर घेतली आणि धरमसिंगच्या पाठीत कोपर मारले. "चाल ना मेल्या. तुया प्रतिनिधीले राहू दे इथंच."

मग मात्र कोणी थांबले नाही. स्टॉपवॉचवर चोपन्न सेकंद झाले होते तेव्हा शेवटचा माणूस आत गेला. सहा सेकंद फलाटावर नुसती शांतता होती. गाडी हलली. पांढऱ्या शर्टातले गृहस्थ माझ्यासमोरून जाताना चपलांच्या रांगांकडे पाहत राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"प्रवासी चढले आहेत, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिले.

गाडी गेल्यावर मी मोजले. बासष्ट जोड. त्या गोळा करून पोत्यात भराव्यात म्हणून मी वाकलो, तोच फोन वाजला.

"आबाजी, चपला हलवू नका," संस्कृती गाडीतून बोलत होती. तिच्यामागे सगळा डबा एकाच वेळी बोलत होता. "मनकर्णाआजी म्हनते, सरमिसळ झाली तं सांजच्याले भांडणं होतीन. जशा हायेत तशाच राहू द्या. अन् कुत्रे लक्षात ठेवा."

कुत्रे मी विसरलो होतो. ते तीन होते.

अशा रीतीने स्थापत्य अभियंता म्हणून निवृत्त झालेला मी, त्या मंगळवारी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत सावरटेकच्या फलाटावर बासष्ट जोड पादत्राणे राखत बसलो. हरीओमने चार वेळा चहा दिला आणि प्रत्येक वेळी काठीही दिली. साडेनऊला संस्कृतीचा पुन्हा फोन आला. तिला कार्यशाळेत घेतले नव्हते. बुटांशिवाय नाही, म्हणाले. एक हजेरी गेली, काम पुढच्या आठवड्यात भरून देता येईल.

"वाईट वाटले का?" मी विचारले.

"वाटलं ना. पन थांबा राह्यला का, ते सांगा."

मला ते माहीत नव्हते. तसे सांगितले.

संध्याकाळी सहा दहाला गाडी आली. लोक उतरले आणि गाडी गेल्यावर सावकाश, हवा तितका वेळ घेऊन, आपापल्या चपलेपाशी गेले. दिवसभर तापल्या डांबरावर पाय भाजलेले. कोणी माझे आभार मानले नाहीत. मनकर्णाबाई आपली चप्पल उलटीपालटी करून पाहत म्हणाली, "भाऊजी, हिचा अंगठा सकाळी धड होता. कुत्र्यानं तोडला का तुमी?"

नऊ दिवसांनी हरीओमने पत्र आणून दिले. एक मिनिटाचा थांबा कायम करण्यात आला होता. खाली आणखी एक ओळ होती की फलाटावर पादत्राणे ठेवू नयेत. मी ते पत्र पारावर मोठ्याने वाचले, आणि ती ओळ दोनदा वाचली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर एकही चप्पल नव्हती. सहा रेषांवर विटा होत्या. धरमसिंगने तांड्यावरच्या पडक्या भट्टीतून आणलेल्या, प्रत्येकीवर खडूने नाव घातलेल्या, सरळ ओळीत. विटेला वाकावे लागत नाही, ती घालावी लागत नाही, हे मला मान्य करावे लागले. पण उतरणाऱ्याच्या पायात ती येणार, हे मी कसे मान्य करावे? संस्कृतीची वीट नव्हती. ती बुटांच्या नाड्या घट्ट बांधून उन्हात पहिल्या रेषेवर उभी होती, डोक्यावर ओढणी घेऊन.

मी पिशवीतून टेप काढला आणि धरमसिंगला म्हणालो, "साऱ्या विटा दारापासून सव्वा मीटर मागे घे. आणि रेषेच्या मध्ये नको, कडेला."

"आत्ताच घेतो, सायब."

तो घेऊ लागला. मी टेपचे दुसरे टोक धरून मागे सरकत गेलो, तेव्हा शेवटच्या रेषेच्या शेवटी एक वीट दिसली. तिच्यावर माझे नाव होते, इंद्रभान. इकार ऱ्हस्व, सुवाच्य.

"वहिनी, हे काय? मला कोठेही जायचे नाही."

"नका जाऊ," निंबाखालून मनकर्णाबाई म्हणाली. "नंबर असू द्या."