दिव्यापुरता सेल

ठमीला खेळणी म्हणून खपत नसत. बाहुली दिली की ती बाजूला सारायची, आणि आईचा फोन किंवा टीव्हीचा रिमोट दिसला की आकाशपाताळ एक करायची. धड बोलता येत नव्हतं, पण खरं-खोटं अशी पारखायची की सराफानं हात टेकावेत.

तिचा बाप रिमोट, घड्याळं, असल्या बारीकसारीक गोष्टी दुरुस्त करायचा. त्यानं दुकानातून एक बिघडलेला चपटा रिमोट आणून दिला. ठमीनं बटण दाबलं, टोकाचा तांबडा दिवा काही लागला नाही, तिनं रिमोट भिरकावून दिला. मग बापालाही चेव आला. गिऱ्हाइकांच्या घड्याळांतून काढलेले बटणसेल दुकानातल्या डबीत पडलेले असत. त्यातला एक त्यानं मीटर लावून निवडला, टीव्हीला न पुरणारा, पण दिवा लुकलुकवण्यापुरता. झाकणाचा स्क्रू सापडेना, म्हणून वर चिकटपट्टी लावली. ठमी खूश, घर शांत.

"बघ, डोकं लागतं," तो बायकोला म्हणाला. तीही हसली. हातातली कामं विनाभोकाड उरकायला मिळाली तर कोणती आई नको म्हणेल?

दुपार कलताना ती कपड्यांच्या घड्या घालत होती. रिमोट जमिनीवर पालथा पडला होता. चिकटपट्टी चघळून चोथा झालेली, आणि सेलचा खण रिकामा.

तिनं हातातली घडी टाकून ठमीला धरलं. "ठमे, आ कर. आ!" तोंडात काही नव्हतं. हनुवटीवरून लाळ मात्र गळत होती, आणि फ्रॉकचा गळा पार ओला झाला होता. तिनं सतरंजी झटकली, सोफा ओढला, केराचा डबा जमिनीवर उपडा केला. सेल नाही. तिनं नवऱ्याला फोन केला. दुकान रस्त्यापलीकडेच होतं. तो हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊनच धावत आला.

"गिळला असला तरी घाबरू नकोस," तो म्हणाला. "संपलेलाच होता गं. मी स्वतः मोजलाय. उद्यापर्यंत आपोआप पडेल बाहेर. लहानपणी मी नाणं गिळलं होतं, झालं का काही?"

सेल-मीटरच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. आणि खरं सांगायचं तर तिला तेच ऐकायचं होतं. तिनं ठमीला दुधाची बाटली दिली. ठमीनं घोट घेतला, डोळे गच्च मिटले, आणि दूध तसंच तोंडातून बाहेर आलं. मग ती रडू लागली. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, पण आवाज फुटेना.

"तुझा मीटर ठेव तुझ्यापाशी!" ती ओरडली. पोरीला उचलून ती अनवाणीच जिना उतरली. तो मागून गाडीची किल्ली घेऊन धावला.

एक्स-रेमध्ये ठमीच्या छातीच्या वरच्या बाजूला एक पांढरी गोल चकती दिसली, कडेला दुहेरी रेघ असलेली, नाण्याला नसते तशी. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली आणि खुर्ची मागे ढकलून त्या उठल्याच.

"अन्ननलिकेत अडकलाय. लगेच काढायला हवा. गिळून किती वेळ झाला?"

आईला सांगता येईना. सकाळपासून रिमोट पोरीच्या हातातच होता.

"पण तो संपलेला होता," बाप पुटपुटला.

"दिवा लागत होता ना?" बाईंनी विचारलं. त्यानं मान डोलावली. "मग आतलं कातडं जाळायला तेवढं पुष्कळ झालं."

ठमीला ऑपरेशनसाठी आत नेलं, दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर आई अंग चोरून बसली. नवऱ्याकडे बघायची तिला भीती वाटत होती. बघितलं तर तोंडून काय निघेल याचा भरवसा नव्हता. आणि आपणही हसलो होतो, हे तिला आतून कुरतडत होतं. देवा, माझं काय हवं ते घे, हिचा गळा सोड, एवढंच ती घोकत राहिली.

सेल निघाला. पण जखम खोल होती. नाकातून नळी घातली. तोंडानं पाणी पाजायचं नाही. भोक पडलं तर जिवावरचं, आणि भरताना नलिका आवळली तर घास उतरणं कठीण, असं बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यानंतरच्या साऱ्या रात्री आईनं पोरीच्या छातीवर हात ठेवून जागून काढल्या. श्वास जरा अडखळला की तिचा जीव खालीवर व्हायचा. बाप भिंतीला टेकून उभा असायचा. त्याला कुणी बस म्हटलं नाही, आणि तो आपणहून बसलाही नाही.

अखेर दुसरा एक्स-रे काढून झाला आणि बाईंनी चमचाभर पाणी पाजून बघायला सांगितलं. आईनं चमचा ओठांना लावला. सगळ्यांचे डोळे त्या एवढ्याशा गळ्यावर खिळले. गळा हलला. पाणी परत आलं नाही.

"अजून," ठमी म्हणाली.

आवाज घोगरा होता, तिचा वाटतच नव्हता. आईला हुंदका आवरेना. तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं आणि चमचा त्याच्यापुढे धरला.

"घे, तू पाज," ती म्हणाली. "माझ्यानं होत नाही."

घड्याळाचे काटे बसवणारा हात त्याचा, पण अर्धं पाणी उशीवर सांडलं. ठमी त्याच्यावर खेकसली, आणि त्यानं चमचा पुन्हा भरला.