अर्ध्या वाक्यातले फटके

श्यामकांत विजयकरांनी चाळीस वर्षांत स्वतःचं असं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांची मात्र लाखांनी तपासली होती. गिरगावातल्या एका छापखान्याच्या माडीवर, खिडकीला लागून त्यांचं मेज होतं. समोर बसलेला जोडीदार मूळ प्रत मोठ्यानं वाची, विरामचिन्हांसकट वाची, आणि विजयकर छापलेल्या कागदावरून बोट फिरवत जात. "तो उठला स्वल्पविराम बाहेर गेला पूर्णविराम" असं दिवसभर चाले. जिन्यावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटे, वर कुणीतरी जप करतंय. जोडीदार रजेवर असला की विजयकर एकटेच दोन्ही कामं करत आणि आपले आपणच पूर्णविराम म्हणत. एकदा घरी बायकोनं, सुमतीबाईंनी, चहा टाकू का म्हणून विचारलं, तर "टाक पूर्णविराम" असं उत्तर गेलं होतं. ती गोष्ट त्या आल्यागेल्याला अजून सांगत.

माणूस भिडस्त. चार जणांत बोलायची वेळ आली की मागच्या रांगेत सरकायचा. पण एका गोष्टीचा त्यांना आतून फार अभिमान होता. मिशनचं शुभवर्तमान त्यांच्या हातून आठ वेळा छापून गेलं होतं आणि आठही वेळा त्यात एक शब्द जास्त नव्हता, एक कमी नव्हता. ते स्वतः जातीनं प्रभू, घरात गणपती आणि देवांचे टाक. तरी त्या पुस्तकाविषयी ते आपल्याच शेताविषयी बोलावं तसं बोलत.

सत्तावन्न सालच्या एप्रिलात माझगावचे पाळक वसंतराव साळवे तो जिना चढून आले. निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या. भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या घोषणा अजून ठसठशीत होत्या.

"विजयकर, एक काम आहे. नाही म्हणायचं नाही."

"आधी काम सांगा, मग नाही म्हणतो," विजयकर म्हणाले.

काम असं होतं. येत्या शुभ शुक्रवारी संध्याकाळी परळला, चाळींच्या मधल्या पटांगणात, पाळकांची मंडळी येशूच्या क्रुसावरच्या मरणाचा एक सिनेमा दाखवणार होती. सिनेमा परदेशी, भाषा इंग्रजी. त्याचा आवाज बंद करून पडद्याशेजारून कुणीतरी मराठीत सांगायचं. नेहमी सांगणारे मास्तर आजारी पडले होते.

"तुमच्याइतकं ते पुस्तक माझ्याही मंडळीत कुणाला पाठ नाही," पाळक म्हणाले. "लिहा आणि वाचा. बस्."

विजयकर आता नाही म्हणणारच होते. पण पुस्तकाचं नाव निघालं होतं. ते नाही म्हणू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझगावच्या चर्चच्या सभागृहात पाळकांनी त्यांना एकट्याला सिनेमा दाखवला. विजयकर मांडीवर वही आणि हातात घड्याळ घेऊन बसले. त्यांनी टिपून घेतलं: फटक्यांचा प्रसंग, नऊ मिनिटं. चाबूक वर जातो, खाली येतो. पाठ फुटते. तोंड जवळून दिसतं, पुन्हा पाठ, पुन्हा तोंड. क्रूस घेऊन जाताना तो माणूस तीनदा पडतो. खिळे ठोकतानाचा हात पडदाभर.

"तीनदा पडलेला शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी एकानंही लिहिलेला नाही," दिवा लागल्यावर विजयकर हळूच म्हणाले.

"परंपरा आहे ती. पलीकडच्या जुन्या कॅथलिक देवळाच्या भिंतीवर चित्रंच आहेत तशी."

"आणि फटके? तिघांनी अर्ध्या वाक्यात उरकलेत. चौथ्यानं तर शिक्षा करून सोडतो म्हणाला, एवढंच. किती मारले, कसे मारले, काही नाही. इथे नऊ मिनिटं आहेत."

पाळक हसले. "तुम्ही मुद्रित तपासल्यासारखं बघता. अहो, त्या लेखकांच्या काळी रस्त्यावर रोज चाबूक चालायचा. वाचणाऱ्याला अर्धं वाक्य पुरे होतं. आता लोकांना दाखवल्याशिवाय कसं कळणार? सिनेमानं वाढवलेलं नाही, घडी उलगडलीये फक्त. तुम्ही जरा भरून लिहा. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

पाळकांचं म्हणणं खोटं नव्हतं. विजयकरांनी दोन दिवस बसून भरून लिहिलं. चाबकाच्या टोकाला हाडाचे तुकडे घातले, फटके मोजले, एकोणचाळीसपर्यंत नेले, कण्हणं घातलं. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं लिखाण. वाचून पाहिलं तर बरं उतरलं होतं. आणि वाचता वाचता त्यांना लाज वाटायला लागली. का ते नीट सांगता येईना. इतकी वर्षं ज्या मजकुरात त्यांनी एक काना घुसू दिला नाही, त्यात ते स्वतःच पसाभर शब्द ओतत होते. पण मग वाटे, आपण कोण? एक साधा मुद्रितशोधक. पाळक शिकलेले आहेत, त्यांनाच कळत असेल.

छापखान्याच्या तळमजल्यावर बांधणीखातं होतं. तिथे बायका छापलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालून त्यांचे फर्मे शिवत. त्यांत जाईबाई सगळ्यांत जुनी, परळहून चालत येणारी. तिचा मुलगा दौलत मागच्या वर्षीच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून निघालेल्या मोर्चात गेला आणि गोळीबारात मेला. तेव्हापासून विजयकर तिच्याशी बोलायला आणखीच बिचकत.

बुधवारी दुपारी ते शाई लागलेले हात धुवायला खाली गेले, तेव्हा तिनेच विचारलं.

"भाऊ, आमच्या पटांगनात तुमी बोलनार म्हंत्यात."

"हो. म्हणजे, बघू."

"येसूची गोष्ट ना? त्याची पानं किती वर्सं घडी करत्ये मी. आत काय लिवलंय ते आता कळंल."

"तुम्ही येणार?" विजयकरांनी न राहवून विचारलं. जाईबाईच्या घरानं गेल्या डिसेंबरात बुद्धाची दीक्षा घेतली होती, हे सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं.

"देव म्हनून नाय येनार. देव सोडले आमी." तिने हातातल्या कागदावर हस्तिदंती पट्टी सरकवून घडी पक्की केली. "कुनाचा तरी पोरगा सरकारनं मारला, तो बघाया येनार."

विजयकरांच्या तोंडून निघून गेलं, "बघवणार नाही तुम्हाला. फार मारतात त्यात."

"पुस्तकात बी तेवडंच मारत्यात?"

"नाही. पुस्तकात अर्धं वाक्य."

जाईबाईनं पट्टी खाली ठेवली.

"आमच्या दौलतचा पोवाडा केलाय चाळीतल्या पोरांनी. ऐकलाय का? पाच गोळ्या घालत्यात त्यात. छातीची चाळन झाली म्हंत्यात. पडता पडता त्यानं आरोळी मारली, आई मी चाललो म्हनाला. लोक रडत्यात, मला म्होरं बसवत्यात." तिने पुढ्यातला कागद बाजूला सारला. "भाऊ, एक गोळी लागली हुती त्याला. बरगडीखाली. एकच. आनि तोंडातनं सबुद नाय आला. मी व्हते ना हास्पिटलात. तो सकाळी धुतलेला सदरा घालून आपल्या पायानं गेला, मला सांगून गेला. मला गर्व हाय तो त्याच्या त्या जान्याचा हाय. एक गोळी कमी पडली व्हय त्यांना?"

वर येऊन विजयकर मेजाशी बसले. समोरच्या जोडीदारानं वाचायला सुरुवात केली, तरी त्यांचं बोट हलेना. त्यांना आता लाजेचं कारण सापडलं होतं. त्या माणसाला पडद्यावर दाखवलं त्याहून जास्तही दुखलं असेल. कुणी सांगावं. दुःख फुगवलेलं नव्हतं. फुगवलं होतं ते बघणाऱ्याचं बघणं. आणि त्या नऊ मिनिटांत तो माणूस आपल्या पायानं तिथवर आला होता, हेच पुसून गेलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलेले सात कागद बाजूला ठेवले आणि नवा एकच घेतला.

शुक्रवारी पटांगण भरलं होतं. गिरणीतून सुटून आलेले लोक, पोरं, बायका, वरच्या गॅलऱ्यांतून वाकलेली डोकी. दोन बांबूंवर पांढरा पडदा ताणला होता. पाळकांनी विजयकरांच्या हातातला कागद पाहिला.

"एवढाच? बाकीचे?"

"आणलेत. खिशात आहेत."

"फटक्यांचं?"

"अर्धं वाक्य आहे."

पाळकांचा चेहरा उतरला. "विजयकर, नऊ मिनिटं पडदा चालणार आणि तुम्ही गप्प बसणार? लोक उठून जातील. यांना कळायला नको, फटके म्हणजे काय ते?"

विजयकरांनी पटांगणाकडे पाहिलं. पुढच्याच रांगेत एक माणूस बसला होता. मोर्चातल्या लाठीनं मोडलेला त्याचा डावा हात कोपरापाशी वाकडा जुळला होता. त्याच्या शेजारच्याच्या भुवईवर टाक्यांचा वण. मागे जाईबाई, तिच्या बाजूला तिचा नवरा बुधाजी.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, आणि आपला आवाज एवढा सरळ कसा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं, "या पटांगणात त्या अर्ध्या वाक्याचा अर्थ कुणाला माहीत नाही, ते मला दाखवा."

पाळकांनी पटांगणावरून नजर फिरवली. मग ते यंत्राकडे गेले.

पडदा उजळला. विजयकर माइकसमोर उभे राहून वाचू लागले. वाक्यं छोटी होती, म्हणून निभावत होतं. जेवण झालं. बागेत पकडलं. मित्र पळाले. चौकशी झाली. लोक कान देऊन ऐकत होते. मग पडद्यावर त्या माणसाला खांबाला बांधलं आणि विजयकरांनी ते वाक्य वाचलं. भीतीनं म्हणा, चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणा, वाक्याबरोबर पुढचंही तोंडातून गेलं.

"राज्यपालाने त्याला फटके मारवले पूर्णविराम."

कर्ण्यातून तो शब्द चारही चाळींवर आपटून परत आला. आता हसणार सगळे, असं विजयकरांना वाटलं. ते डोळे मिटून हशाची वाट पाहत राहिले.

कुणी हसलं नाही. पडद्यावर चाबूक वर गेला, खाली आला. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. एक मिनिट गेलं. दोन गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, बोला की पुढं." लगेच दुसरा आवाज आला, "गप रे. संपलं म्हनाला ना तो." बस्, मग कुणी तोंड उघडलं नाही. वाकड्या हाताचा माणूस पडद्याकडे पाहतच नव्हता. तो आपल्या कोपरावरून सावकाश हात फिरवत होता. नऊ मिनिटं एवढी लांब असतात हे विजयकरांना घड्याळ लावूनही कळलं नव्हतं. शेवटी ते पडद्याकडे पाहायचे थांबले आणि लोकांकडे पाहत राहिले. चाळीस वर्षांत ज्या मजकुराला त्यांनी काही होऊ दिलं नव्हतं, तो आज भर पटांगणात एकटा उभा होता आणि त्याला कुणाच्या आधाराची गरज पडत नव्हती. त्यांची मान आपोआप ताठ झाली.

तीनदा पडण्याच्या वेळीही ते काही बोलले नाहीत.

सिनेमा संपल्यावर पाळक पडदा उतरवता उतरवता म्हणाले, "रडलं नाही हो कुणी."

"नाही."

"उठूनही गेलं नाही कुणी." त्यांनी बांबू खाली ठेवला. "मी इतकी वर्षं हा सिनेमा दाखवतो. फटक्यांच्या वेळी पोरं नेहमी मोजत असतात. आज कुणी मोजले नाहीत." मग ते म्हणाले, "ते खिशातले कागद मला द्या. नाहीतर पुढच्या वर्षी मी तुमच्याकडून तेच वाचून घेईन."

विजयकरांनी कागद दिले. पाळकांनी ते न वाचता कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

गर्दी विरल्यावर जाईबाई आली. बुधाजी चार पावलं मागे थांबला.

"तो मानूस सोसत व्हता ते खरं व्हतं," ती म्हणाली. "दाखवनारा लय दाखवत व्हता. तुमी मधी नाय आलात, ते बरं केलंत."

मग तिने कामाचं सांगितलं. चाळीच्या वाचनालयाला दौलतचं नाव देणार होते. दारावर फळी लागायची होती. तिच्यावर काय लिहायचं ते पोरांनी ठरवलं होतं, तीन ओळी, सगळ्या पोवाड्यातल्या.

"तुमी लिवा, भाऊ."

"मी स्वतःचं कधी लिहीत नाही, जाईबाई."

"सोताचं कुठं सांगत्ये. माझं लिवा."

फळी एक मेच्या, कामगार दिनाच्या, आदल्या दिवशी लागली. विजयकर छापखान्यातून परस्पर परळला गेले, चष्मा पुसला आणि मुद्रित तपासावं तसं बोट लावून अक्षरं पाहिली. पेंटर धोंडू बाजूला ब्रश धुवत उभा होता. मजकूर बरोबर होता. पण नावाखाली धोंडूनं आपल्या मनानं तांबड्या रंगाचे पाच थेंब काढले होते.

"हे काय?"

"रक्त, साहेब. त्याशिवाय शोभा येत नाय."

"पुसा."

"अहो, त्याचे पैसे नाय मागत मी."

"पुसा," विजयकर पुन्हा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण धोंडूनं निमूटपणे रॉकेलचं फडकं उचललं.

जाईबाई उंबऱ्यात उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण तांबडं गेलेलं तिने पाहिलं.

"काय काढलं?"

"जास्तीचं होतं."

तिने मान हलवली. "आता वाचा. मोठ्यानं वाचा, वर गॅलरीत बसलेत त्यांना बी जाऊ दे."

विजयकरांनी चाळीकडे तोंड केलं. कर्णा नव्हता, हातात कागद नव्हता.

"दौलत बुधाजी पवार," ते म्हणाले. "वय बावीस. महाराष्ट्रासाठी आपल्या पायांनी गेला. एक गोळी लागली."

आणि या वेळी जाणूनबुजून त्यांनी पुढचा शब्दही म्हटला.