पडद्यापलीकडची हाक

मी कानाचं मशीन बोलतोय. हसू आलं ना? ज्याचा धंदाच ऐकायचा, त्यानं तोंड उघडावं म्हणजे मुलखावेगळंच. पण आज मी फार घाबरलोय, आणि घाबरलेल्याला गप्प बसवत नाही.

तसा मी जन्माचाच भित्रा. बदामाएवढा माझा जीव, कानामागे बसणारा. पोटात एक चपटी बॅटरी. पाण्याचा थेंब आत गेला की संपलो. खुर्चीत विसरलात आणि कुणी बसलं, तरी संपलो. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी चिमट्यात धरून उजेडात फिरवलं आणि म्हणाल्या, "हे ठीक आहे." आयुष्यात कौतुक म्हणून एवढंच वाट्याला आलं.

माझ्या मालकांना इमारतीतले सगळे काका म्हणतात आणि त्यांच्या बायकोला काकू, म्हणून मीही तसंच म्हणतो. काकांचा उभा जन्म छापखान्यात गेला. छपाईच्या मशीनच्या खडखडाटानं त्यांचे कान हळूहळू खाल्ले. निवृत्त झाल्यावर लेक त्यांना हट्टानं दवाखान्यात घेऊन आली आणि मी त्यांच्या उजव्या कानावर बसलो. दोन पावलं चालले आणि दचकून थांबले.

"हे काय वाजतंय गं?"

"तुमच्या चपला, बाबा."

त्या दिवशी काका घरभर चपला वाजवत फिरले. मला वाटलं, चला, चांगल्या माणसाच्या कानात पडलो.

काकांचा जीव एकाच छंदात, चित्राचे तुकडे जुळवायच्या कोड्यात. जेवायच्या टेबलाचं निम्मं राज्य त्या कोड्यानं बळकावलेलं असायचं. सूर्यप्रकाशात तुकडे चकाकतात म्हणून गॅलरीच्या दाराचा जाड पडदा दिवसासुद्धा ओढलेला. काकूंचा जीव त्या पडद्यापलीकडे, कुंड्यांत. झाडांशी त्या तासन्‌तास बोलायच्या. "तू का रे असा मान टाकून बसलास? तुलाही कोडं पडलंय का?" असं म्हणून स्वतःच हसायच्या.

आवडी वेगळ्या होत्या, पण नावडींच्या बाबतीत दोघं तोडीस तोड. काकांना कपात चमचा खळखळवलेला सहन व्हायचा नाही. खुर्ची फरफटत ओढली की कपाळावर आठी. आणि सगळ्यांत मोठा राग दुसऱ्या खोलीतून बोलणाऱ्यांचा. "काय म्हणालीस?" असं विचारलं की स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "काही नाही, सोडा!" या तीन शब्दांनी काका पेटून उठायचे. बहिऱ्या माणसाला शिवी चालेल, "काही नाही, सोडा" चालत नाही, हे मी त्यांच्या कानाशी बसून शिकलो.

काकूंना पलंगावरचा ओला टॉवेल खपायचा नाही. डब्यांची उघडी झाकणं दिसली की त्या घर डोक्यावर घ्यायच्या. पण त्यांचा खरा वैरी मीच. एक म्हणजे मी कानात नीट बसलो नाही किंवा चालू असताना कानाबाहेर राहिलो, की शिट्टी मारतो, बारीक, कर्कश. काकांना ती ऐकू येत नाही, काकूंच्या मात्र डोक्यात जाते. आणि दुसरं म्हणजे भांडण रंगात आलं की काका मला कानातून उपसून टेबलावर ठेवायचे. खेळ खलास!

"झालं! आता बसते भिंतीशी बोलत," काकू म्हणायच्या. ते वाक्य फक्त मला ऐकू यायचं.

त्या दुपारी भांडण एका तुकड्यावरून झालं. कोडं बंदराचं होतं. आकाश, पाणी, होड्या सगळं जुळलं होतं, आणि मधल्या होडीच्या शिडाचा तुकडा गायब.

"तू झाडून टाकलास!" काका म्हणाले.

"मला काय दुसरे उद्योग नाहीत? स्वतःच्या खिशात बघा आधी."

"खिशात कसा येईल?"

"मग माझ्याच नावानं पावती फाडा. नेहमीचंच आहे. माणूस समोर बसलंय, त्याच्याकडे मान वर करून बघायचं नाही, आणि..."

बोलता बोलता काकू गॅलरीकडे वळल्या, आणि त्यांच्या पाठीमागे काकांनी मला काढलं. कोड्याशेजारी ठेवलं. एरवी ते माझं बॅटरीचं दार उघडून मला बंद करतात. रागाच्या भरात तेवढं राहिलं.

काकू पडद्याआड गेल्या. वाळलेले कपडे काढायला स्टुलावर चढल्याचा आवाज आला. बाहेर रस्ता फोडण्याचं काम चाललेलं, सगळा रस्ता थरथरत होता. त्या गोंगाटात मला एक वेगळा आवाज ऐकू आला. स्टूल सरकलं. कुंडी फुटली. आणि काहीतरी मऊ, जड, फरशीवर आपटलं.

"आई गं!"

काका तुकडे चाचपत होते. त्यांची पाठ पडद्याकडे होती.

"अहो! अहो, मी पडले!"

तिथून काका चार हातांवर. मी तर टेबलावरच. मी सगळं ऐकत होतो आणि मला तोंड नव्हतं. माझ्या आत भीती अशी दाटली, की आता पोटातली बॅटरी फुटेल असं वाटलं. कोड्याच्या पुठ्ठ्याला टेकून पडलेला मी, मला तेवढीच एक गोष्ट येते, ती मी केली. शिट्टी मारली. जीव खाऊन मारली.

काकांना ती ऐकू आली नाही. काकूंना आली.

आणि त्या हाका मारायच्या थांबल्या. शिट्टी ऐकून त्यांना कळलं, की मशीन कानात नाही. म्हणजे आता कितीही ओरडलं तरी उपयोग नाही. माझ्याच आवाजानं त्यांची आशा विझली होती.

थोड्या वेळानं काकू हळू आवाजात बोलू लागल्या, झाडांशी बोलायच्या तशा. "तुकडा माझ्याकडेच आहे हो. ओच्यात खोचलाय. मजा करत होते. म्हटलं, शोधताना तरी मान वर कराल. पाय हलत नाहीये माझा. या ना इकडे. मला भीती वाटतेय." मग आवाज लहान होत गेला. हातातला कपड्यांचा चिमटा त्या गजावर आपटत होत्या, तो टकटक आवाज तेवढा राहिला. तोही मंदावू लागला. मनात आलं, आपली बॅटरी आत्ता संपावी. हे ऐकणं नको.

तेवढ्यात टेबल थरथरलं. काकांचा फोन. फोनवर लेकीचं नाव बघून त्यांनी मला उचललं, कानात घातलं.

"बाबा, आई कुठंय? केव्हाची फोन उचलत नाहीये."

"असेल इथंच. आमचं जरा..." काका बोलता बोलता थांबले. मी माझ्यात होता नव्हता तेवढा जोर लावून ती टकटक त्यांच्या कानात ओतली.

"बाबा? काय झालं?"

काका उठले ते टेबलासकट. अख्खं बंदर जमिनीवर सांडलं. पडदा ओढला तो दांडीसकट खाली आला. काकू मातीत पडल्या होत्या. ओठ पांढरे, पाय वाकडा.

"अगं, हाक नाही का मारायची!" काका ओरडले, आणि आपण काय बोललो हे कळून तिथंच त्यांच्याशेजारी मातीत बसले.

काकूंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात नर्सनं त्यांच्या बांगड्या, रुमाल आणि शिडाचा तो तुकडा काकांच्या हातात दिला. काका त्या तुकड्याकडे बघत हसले, आणि हसता हसता त्यांचा श्वास असा अडकला, की माझ्यातसुद्धा खरखर झाली.

काकू वाचल्या, काठी घेऊन चालू लागल्या. पण काकांच्या मनात भीती घर करून बसली. ते मला कानातून काढेनात. काकू दिसेनाशा झाल्या की "कुठं आहेस गं?" असा धोशा. दुसऱ्या खोलीतून उत्तर आलं की आता रागवत नाहीत, उठून जातात. मला मात्र विश्रांती नाही. एकदा आंघोळीला बसले तेव्हाही मी कानात होतो, आणि तिथंच माझा घात झाला. पाणी आत गेलं. आता मला सगळं चिरकं ऐकू येतं.

म्हणून आज आम्ही पुन्हा दवाखान्यात आलोय. मशीन बसवणाऱ्या बाईंनी काकांना नवं मशीन लावलं. मला ट्रेमध्ये ठेवलंय.

"जुन्याचं काय करता?" काकूंनी विचारलं.

"दुरुस्त झालं तर दुसऱ्या कुणाला देऊ. नाहीतर टाकून द्यायचं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "माझं सगळं ऐकून घेणारं घरात हे एकच होतं हो." मग मला परत ट्रेमध्ये ठेवलं. काठीचा आवाज दारापर्यंत गेला, दार लागलं, संपला.

आता बाई बारीक पेचकस घेऊन माझ्याकडे येताहेत. मी दुरुस्त होईन की केराच्या डब्यात जाईन, ठाऊक नाही. अनोळखी कानाची भीती वाटते, डब्याची त्याहून जास्त. बाई, एवढंच मागणं आहे. जमलं तर मला कुणाच्या तरी कानात बसवा. आणि त्या माणसाला सांगा, राग आला तर खुशाल भांड, ओरड, पाय आपट. फक्त मला काढून ठेवू नकोस.