पंचावन्न इंची दिलगिरी

माझ्या लॅपटॉपचा पडदा दादाने फोडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने तो "नुसता बंद केला." कीबोर्डवर माझं पेन पडलेलं होतं. ते न बघता याने झाकण दाबलं आणि आतून काच तडकली. वर मलाच ऐकवलं, "वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय लाव जरा." माझा हा थोरला भाऊ म्हणजे उंटावरचा शहाणा. सल्ला द्यायला सगळ्यात पुढे आणि निस्तरायची वेळ आली की याला ऑफिसला उशीर होत असतो.

नवा पडदा यायला दुरुस्तीवाल्याने महिना सांगितला. कंपनीकडे दुसरा लॅपटॉप मागितला तर उत्तर आलं, तो फक्त कायम झालेल्यांना मिळतो. मी अजून तात्पुरती. फ्रिज आणि धुण्याची मशीन बनवणाऱ्या कंपनीत मी तक्रारींना उत्तरं देते. बोलून नाही, लिहून. गिऱ्हाईक तिकडून टाइप करतं, मी इकडून टाइप करते आणि शेवटी ते मला पाचपैकी तारे देतं. या महिन्याचे तारे चांगले पडले तर मी कायम होणार होते. कायम झाले की दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयात बदली, राहायला स्वतःची खोली, आणि त्या खोलीला दार. बदलीचं मी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

"एवढा मोठा टीव्ही भिंतीवर असताना रडतेस काय?" दादा म्हणाला. "एक वायर लावली की झाला मॉनिटर."

वायर लावली आणि खरंच झाला. त्याचं खरं ठरलं याचाच मला जास्त राग आला.

पंचावन्न इंची टीव्हीवर काम करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पहिल्या दिवशी पडद्याच्या चारी कडा गायब. घड्याळ दिसेना, खिडकी बंद करायची फुली दिसेना. चित्राचा आकार बदलायचं बटण सापडायला दादाला संध्याकाळ लागली, आणि सापडल्यावर त्याचा चेहरा नवा ग्रह शोधल्यासारखा झाला. मग माउसचा बाण हरवायला लागला. एवढ्याशा बाणाला एवढं मोठं मैदान! मी उठून टीव्हीजवळ जायची आणि जमिनीवर पडलेली टाचणी शोधावी तशी पडदाभर नजर फिरवायची. जवळ बसलं तर उजवीकडचं वाचायला मान वळवावी लागे, लांब बसलं तर अक्षरं पुसट. शेवटी हॉलच्या बरोब्बर मध्ये खुर्ची टाकली, समोर स्टुलावर दादाने आणून दिलेला बिनवायरचा कीबोर्ड, आणि बसले.

माझ्या पाठीमागे सोफा होता. सोफ्यावर आईबाबा होते. ते तिथे कालही होते, परवाही होते. टीव्ही चालू असला की ते सोफ्यावर असतात आणि टीव्ही तर आता सकाळी नवाला चालू व्हायचा.

बाबांना मनात वाचता येत नाही. बातम्यांखालची पट्टी ते मोठ्याने वाचतात, औषधाच्या बाटलीवरचं मोठ्याने वाचतात. आता माझी गिऱ्हाइकं वाचायला लागले. "तुम्ही लोक मूर्ख आहात की मला मूर्ख समजता," असं कुणीतरी लिहायचं आणि मी ते वाचायच्या आत मागून खणखणीत आवाजात ऐकू यायचं. म्हणजे एकच शिवी मला दोनदा.

"बाबा, प्लीज."

"अगं, मी नाही म्हणत, तो म्हणतोय."

आईचं वेगळंच. कंपनीने आम्हाला तयार वाक्यं दिलेली आहेत. ती सोडून काही लिहायचं नाही असा नियम आहे. त्यातलं पहिलं वाक्य, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." हे वाक्य मी दिवसातून शंभरदा पाठवत असेन. लॅपटॉपवर ते मुंगीएवढं दिसायचं, कुणाचं लक्षही जायचं नाही. टीव्हीवर ते तळहाताएवढ्या अक्षरांत झळकायला लागलं.

"किती वेळा दिलगीर होतेस गं?" आई म्हणाली. "एकदा तरी मनापासून हो."

"आई, ते तयार वाक्य आहे."

"ते कळतंय. त्या बाईलाही कळत असणार."

चारच दिवसांत आईने मालिका बघणं सोडलं. हेच जास्त रंगतं म्हणाली. दुपारी मी जेवायला उठले की हिचा प्रश्न, "त्या फ्रिजवाल्याचं काय झालं पुढे?" मी सांगायची, तो माणूस गेला, आता दुसरा आला. "असं अर्धवट कसं सोडतेस?" वर तो माणूस आमच्या नात्यातला असल्यासारखी दोघांची चर्चा. बाबा कायम कंपनीच्या बाजूने, आई कायम गिऱ्हाइकाच्या. मध्ये मी बसलेली आहे, मला पोटासाठी हे करावं लागतंय, हे दोघांच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी सातला बाबांच्या बातम्या. मिनिट इकडचं तिकडे होत नाही. माझं काम संपलेलं असो नसो, ते वायर उपसून ठेवायचे, आवाज हवा तेवढा मोठा करायचे आणि बातम्या संपल्या की वायर परत खोचून द्यायचे. "बघ, जशीच्या तशी लावली," असं वर सांगायचे. मी दात-ओठ खात त्या खोलीचा विचार करायची. दार असलेल्या.

मग ते आजोबा आले. म्हणजे तक्रार घेऊन. त्यांचं धुण्याचं मशीन चालू असताना सरकत सरकत दारापर्यंत जायचं. एकटेच राहत होते. मशीन ढकलून परत जागेवर नेताना पाठीत उसण भरली, हे त्यांनी इतकं सविस्तर लिहिलं की बाबांना मध्ये पाणी प्यावं लागलं. मी दिलगीर झाले, मशीनचा नंबर विचारला. तेवढ्यात बेल वाजली. दारात इस्त्रीवाला. कपडे मोजून घेऊन मी परत आले तर माझ्या खुर्चीत आई, आणि पडद्यावर एका बोटाने टाइप केलेलं वाक्य जाऊन बसलेलं: "एकट्याने मशीन हलवू नका. शेजारी कोणी आहे का हाक मारायला? पाठ शेकली का?"

हातातले कपडे मी तिथेच टाकले.

"आई! काय केलंस हे?"

"ते थांबले होते गं. किती वेळ थांबवायचं म्हाताऱ्या माणसाला?"

आजोबांनी शेजाऱ्यावर मोठा परिच्छेद लिहिला. शेजारी चांगला आहे म्हणे, पण त्याला हाक मारायचा संकोच वाटतो. आई मागून सांगत राहिली, मी डोक्याला हात लावून बसले. माणूस पाठवायची तारीख दिली आणि संभाषण एकदाचं संपवलं. आजोबांनी पाच तारे दिले. आई अशी बसली होती की जणू तिलाच मिळाले.

आमच्या गटप्रमुखाला मी मनातल्या मनात मुकादम म्हणते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळीच त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी घाईने हेडफोन कानाला लावला आणि "हॅलो सर" म्हटलं. कानात काहीच नाही. आवाज आला तो समोरून, भिंतीवरून, आदल्या संध्याकाळच्या बातम्यांएवढा मोठा. वायर उपसून परत खोचली की आवाज आपोआप टीव्हीतून यायला लागतो, हे मला तेव्हा कुठे कळलं.

"मॅडम, 'पाठ शेकली का' हे आपल्या कोणत्या यादीत आहे?" मुकादम गरजला. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

"सर, एक मिनिट थांबा, आवाजाचा जरा..."

पण मुकादम थांबत नसतो. मी आवाज हेडफोनवर वळवायला माउस फिरवला तर बाण बेपत्ता. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही.

"त्यांनी पाच दिले म्हणून सोडून देतोय. पुन्हा असं नको. तुमची सरासरी अगदी काठावर आहे. आज दुपारी हिशेब बंद व्हायच्या आत एकाने जरी कमी दिले तर गेलं सगळं, मग मीही काही करू शकणार नाही."

"बाबा, आवाज! आवाज कमी करा!" मी मागे वळून ओरडले. बाबा रिमोट हातात धरून चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता.

"आणि बदलीचं पक्कं ना?" भिंत बोलतच होती. "तुम्ही अर्जात लिहिलंय, घरी राहून काम करणं अशक्य झालं आहे, लवकरात लवकर मुख्य कार्यालयात घ्यावं. मी तिकडे तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय. पुढच्या आठवड्यात हजर व्हावं लागेल. घरच्यांना कल्पना दिलीच असेल."

बाबांना बटण सापडलं. मुकादमाचे ओठ नुसतेच हलायला लागले.

मला बाण दिसला, पडद्याच्या अगदी मधोमध. मी कॉल बंद केला. मागे वळायची हिंमत होत नव्हती.

"अशक्य?" आई म्हणाली.

ती याच्यापुढे काही बोलेल म्हणून मी थांबले. बोलली असती तर मलाही बोलता आलं असतं. तुम्ही मला दिवसभरात एक वाक्य धड लिहू देत नाही, माझ्या शिव्यासुद्धा मला एकटीला खाऊ देत नाही, असं सगळं साठलेलं ओकता आलं असतं. पण आई सोफ्यावर जाऊन बसली. बाबा तिच्या शेजारी बसले. आणि नेमकं तेव्हाच नवं गिऱ्हाईक आलं.

एका बाईचा फ्रिज बंद पडला होता. ही तिसरी तक्रार होती, आधीच्या दोन्ही वेळी कुणी आलंच नव्हतं. फ्रिजमध्ये इंजेक्शनं होती, गरम होऊन चालणार नव्हतं. तिने हे सगळं ज्या भाषेत लिहिलं होतं ते बाबांनी वाचलं नाही. पहिल्यांदाच त्यांनी मोठ्याने वाचलं नाही.

माझी बोटं चालेनात. हाताला जे वाक्य लागलं तेच पाठवलं, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

उत्तर लगेच आलं. "तुमची दिलगिरी कुठे ठेवू? फ्रिज बंद आहे."

एरवी आई यावर खो खो हसली असती. ही बाई मला एक तारा देणार, हे स्पष्ट होतं. एक तारा म्हणजे मी तात्पुरती, म्हणजे याच हॉलमध्ये, याच खुर्चीवर, यांच्याकडे पाठ करून. त्या दोघांनी काहीही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर मी कुठेही गेले नसते, आणि कुणी त्यांना बोलही लावला नसता.

पण जन्मात कधी गप्प बसले आहेत का हे लोक?

"इंजेक्शनं कुणाची आहेत, विचार तिला," आई म्हणाली. आवाज जरा बसलेला होता.

"आई, आत्ताच ऐकलंस ना? असं विचारायचं नसतं."

"मग नको विचारूस. पण ती आधी कुठे ठेवायची, ते तरी सांग. फ्रिज काय, उद्याही दुरुस्त होईल."

"शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा म्हणावं," बाबा म्हणाले. "आणि दोनदा आला नाही त्याला आज यायला लाव. नुसती तारीख नको देऊस. तू स्वतः फोन कर त्यांना, तिला तसं कळव."

यातलं एकही वाक्य यादीत नव्हतं. मी सगळं लिहिलं. इंजेक्शनं तिच्या मुलीची होती. शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवते म्हणाली. मी दुरुस्ती विभागाला फोन लावला. ते माझं ऐकेनात म्हटल्यावर मी आवाज चढवला, आणि तो थेट आईचा आवाज निघाला, तशीच वरची पट्टी. जेवणाच्या वेळेपर्यंत माणूस पोचेल, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. तोवर मी संभाषण उघडंच ठेवलं. आम्ही तिघं समोर बघत बसलो. आईने चहा आणला, माझा कप स्टुलावर ठेवला आणि परत मागे जाऊन बसली.

एकच्या सुमारास त्या बाईने लिहिलं, "आला. चालू झाला. एवढं आधीच केलं असतं तर?" आणि खाली एकेक करून तारे उमटले, प्रत्येक तारा पोळीएवढा.

"पाच," बाबांनी वाचलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बाबा म्हणाले, "म्हणजे आता गेलीस तू."

"गेली कसली," आई म्हणाली, "आपणच तर घालवली."

मला त्या दोघांचा इतका राग आला, इतका राग आला, की मला रडूच फुटलं.