हाताची पाठ

ट्रॉलीवर पट्ट्यांच्या सहा गुंडाळ्या होत्या – दोन रुंद, तीन मध्यम, आणि एक बोटांसाठीची, करंगळीएवढी बारीक – आणि त्या सहाव्या गुंडाळीच्या टोकाला एक धागा सुटला होता. धागा दिसत होता. तिनं तो चिमटीत धरला, ओढला, तो तुटून चिमटीत राहिला, तेही दिसलंच. चिमटीत काही आहे असं बोटांनी मात्र कळवलं नाही. आणि त्याचं तिला विशेष काही वाटलं नाही. सुरुवातीला वाटायचं. पर्समध्ये हात घालून किल्ली शोधताना नाणं की किल्ली हे कळेना तेव्हा वाटलं होतं, उकळत्या चहाचा पेला तिनं कडेला धरून शांतपणे टेबलावर आणला आणि नवरा म्हणाला, "अगं, तुला चटका बसत नाही का? अग्निपरीक्षा देऊन आलीस की काय?" – तेव्हाही वाटलं होतं. ती हसली होती. नंतर रात्रभर एका हातानं दुसरा हात चाचपत राहिली, आणि चाचपणारा कोणता नि चाचपला जाणारा कोणता हे तिला ठरवता येईना... मग हळूहळू ते वाटणंही बोटांसारखंच झालं. न काढलेल्या हातमोज्याच्या आत कुठेतरी.

बोटं बधिर होण्याची कारणं तिला पाठ होती. मान, मनगट, साखर, एखादं जीवनसत्त्व. दुसऱ्या कुणी येऊन हे सांगितलं असतं तर तिनं त्याला आठवड्याच्या आत तपासायला पाठवलं असतं, वर चार शब्द सुनावलेही असते. स्वतःला तिनं काही सुनावलं नव्हतं. पेशंटांना काही जाणवत नव्हतं. हात आपले चालत होते, पूर्वीसारखेच.

दार उघडलं, आणि आधी बाईंचा आवाज आत आला, मग बाई, मग त्यांची नणंद. बाईंनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. नऊ वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, आणि तेव्हापासून त्या हातातलं पाणी आपल्या वाटेनं परत जायला तयार नव्हतं. दर आठवड्याला या टेबलावर ती ते हातानं पुढं सरकवायची, कातडी जेमतेम हलेल इतक्या हलक्या दाबानं, मग पट्ट्या बांधायची. बाईंनी त्या हाताचं नाव जावईबापू ठेवलं होतं. सेवा करावी तितकी थोडी, आणि मुक्काम कायमचा.

"जावईबापू रुसलेत आज," टेबलावर आडवं होत बाई म्हणाल्या. "कालपासून जड झालेत. काहीतरी खुपलंय."

"खुपणारच," नणंद खुर्चीत बसत म्हणाली. तिला इथं सगळे आत्या म्हणत. "परवा गुलाबाची छाटणी केलीत ते सांगा की आधी. हातमोजे न घालता."

"वन्सं, तुम्ही सोबतीला आलात की साक्षीला?"

"जिथं गरज पडेल तिथं."

ती हसली. हसणं वेळेवर आलं. मग तिनं नेहमीप्रमाणे उजव्या हाताची पाठ बाईंच्या चांगल्या दंडावर टेकवली, मोजके श्वास थांबली, आणि मग तीच पाठ सुजलेल्या हातावर. हे सुरुवातीला करायचंच. तिला हे काम शिकवणाऱ्या मॅडमचं वाक्य होतं – हाताच्या पाठीनं विचारायचं आणि तळव्यानं उत्तर द्यायचं. सुजलेला हात चांगल्या हातापेक्षा गरम लागला तर आत जंतू शिरलेत असं समजायचं आणि मालिशला हात घालायचा नाही. नाहीतर जे एका जागी आहे ते आपणच सगळ्या अंगभर ढकलून देऊ. दोन्ही हात सारखे. किंचित थंड, मऊ, पीठ मळून ठेवल्यासारखी ती सूज... सारखेच.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि मानेपासून सुरुवात केली.

आधी मान, मग दुसरी काख, मग छातीवरून वाट मोकळी करत जायचं, आणि हात सगळ्यात शेवटी – आधी पुढचा रस्ता रिकामा, मग मागची गर्दी. बाईंनी डोळे मिटले होते. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, एकसारखा टिंग-टिंग आवाज. तिचे हात वर्तुळं काढत होते आणि ती त्या वर्तुळांकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचे हात बघावेत तशी. चांगले हात आहेत, तिनं विचार केला, लयीत आहेत... आई म्हणायची, तुझ्या हातात जादू आहे.

आईचे पाय. साखरेनं बधिर झालेले पाय. कॉलेजातून आल्यावर ती रोज अर्धा तास ते चोळायची आणि आई भिंतीला टेकून, डोळे मिटून म्हणायची, हं, तिथंच, बरं वाटतंय. एका संध्याकाळी तिचं लक्ष पुस्तकात गेलं आणि हात कधी थांबले, कधी मांडीवर येऊन पडले हे तिला कळलंच नाही. पान उलटताना आईचा आवाज आला – हं, तिथंच. हात पायांवर नव्हते. ती कितीतरी वेळ तशीच बसून होती, हात उचलून, हवेत. आई खोटं बोलत होती का? नाही... आईला खरंच बरं वाटत होतं. आईला कालचे हात लागत होते, परवाचे. पाय तेवढे नव्हते. मी तेव्हा ते कुणाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अर्धा तास चोळत राहिले, आणि दोघींपैकी कुणाला काय वाटत होतं ते...

"वहिनी, हा तापलाय."

आत्या उठून कधी जवळ आली ते तिला कळलं नव्हतं. बाईंच्या बाहीची मागे घसरलेली कड ती सरळ करत होती आणि तिची बोटं कोपराच्या वर थांबली होती.

"वन्संना सगळंच तापलेलं लागतं," डोळे न उघडता बाई म्हणाल्या. "फ्रिजमधलं दूधसुद्धा."

"थट्टा नाही करत मी. हात लावून बघा हो ताई."

"मी बघितलंय," ती म्हणाली.

ते वाक्य इतक्या सहज आलं की तिचं तिलाच ऐकू आलं. मी बघितलंय. काय बघितलं? तिनं पुन्हा हाताची पाठ टेकवली. थंड, मऊ, पीठ मळून ठेवल्यासारखं... तेच शब्द. त्याच क्रमानं. गेल्या आठवड्यात हेच होतं, त्याच्या आधीच्या आठवड्यातही. नऊ वर्षं हा हात इतका ओळखीचा झाला होता की तिची बोटं त्याला न विचारताच उत्तर देत होती. आज काय आहे ते नव्हे. नेहमी काय असतं ते. किती दिवस? किती जणांचे हात, किती जणांच्या पाठी मी नुसत्या आठवणीवर तपासल्या?

तिनं वाकून आपला गाल बाईंच्या दंडावर ठेवला.

गाल तिचा होता. गालाला कळलं. नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या जवळ तोंड नेल्यासारखी धग, कोपराच्या वर, एका पसरट पट्ट्यात, आणि त्याच्या आत बारीक ठुसठुस.

"काय गं?" बाई दचकून म्हणाल्या. मग मुद्दाम हलक्या आवाजात, "जावयाचा मुका घेतात होय कधी?"

"बाई, उठा. आज मालिश नाही. वरच्या मजल्यावर डॉक्टर आहेत, आत्ताच दाखवायचं. हात गरम आहे."

बाई उठून बसल्या, चेहरा जरा उतरलेला. "बरं झालं तुझ्या लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांत तुझे हात एकदाही चुकले नाहीत बघ."

तिनं आत्याकडे बघितलं नाही. आत्या तिच्याकडे बघत होती, ते मात्र कळलं. तेवढं कातडीला अजून कळत होतं.

आत्या बाईंना वर सोडून परत आली. डॉक्टरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं, आणि बाहेर खुर्ची नव्हती. ती इथल्याच खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेऊन.

"गोळ्या देतायत," ती म्हणाली. "वेळेत आलो म्हणाले. आज रगडलं असतं तर ॲडमिट करावं लागलं असतं." मग थांबून, "मान तर चोळून झाली होती ना?"

"हो."

"तुम्ही आधी हात लावला होतात."

"हो."

आत्यानं मांडीवरची पर्स खाली ठेवली. तिच्या बघण्यात रागही नव्हता, क्षमाही नव्हती, नुसतं थांबणं होतं, रांगेत थांबावं तसं. पुढच्या पेशंटला वेळ होता. संधिवातानं आखडलेला एक माणूस, त्याच्या मणक्यांमधली जागा बोटांनीच शोधावी लागायची. तो माणूस टेबलावर पालथा होईल, ती हात ठेवेल, आणि हात सांगतील: ठीक आहे.

तिनं खण उघडला आणि प्लॅस्टिकची चकती काढली. चकतीच्या काठाला बोथट टोकांच्या जोड्या होत्या, प्रत्येक जोडीतलं अंतर वेगळं आणि शेजारी कोरलेलं. हे एकटीनं करता येत नाही. आपणच टेकवायचं तर उत्तर आधीच ठाऊक असतं.

"आत्या, एक काम कराल? मी डोळे मिटते. माझ्या बोटाच्या टोकाला कधी एक टोक लावा, कधी जोडी. मी सांगते, एक की दोन. दोन वेगळी कळली नाहीत तर एकच म्हणायचं."

आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि चुकलं तर?"

"तर पुढचं मोठं अंतर घ्यायचं. पाच मिलिमीटरला दोन कळायला हवीत."

"बसा."

तिनं डोळे मिटले. बोट आत्याच्या हातात होतं. ते धरलंय हे खांद्याला कळत होतं.

"लावा."

"लावलंय की."

काही नव्हतं. काळोख, आणि त्यात कुठेतरी दोन टोकं असणार असा अंदाज. 'दोन' हा शब्द जिभेवर तयार होता, गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेला. बोटाचं टोक तिला स्पष्ट आठवत होतं आणि त्यावर दोन ठिपके काढणं काहीच अवघड नव्हतं.

"एक," ती म्हणाली.

"जरा जोरात लावू का?"

"नाही. कातडी पांढरी पडेल इतकं दाबायचं नाही."

"बरं बाई." चकती फिरल्याचा बारीक आवाज. "आता?"

"एक."

पुन्हा आवाज. पुन्हा. आत्याचा श्वास तिच्या मनगटावर येत असावा इतक्या जवळून ऐकू येत होता. कुठेतरी खूप खोल, हातमोज्याच्या आत, काहीतरी पहिल्यांदाच घाबरायला लागलं होतं, आणि त्या घाबरण्याला ऊब होती. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि अंदाज करायचं थांबवलं.

"एक," ती म्हणाली. "एक... थांबा. पुन्हा लावा. दोन."

"नक्की?"

"नक्की. आकडा वाचा."

आत्यानं चकती उजेडाकडे धरली.

"अकरा."

मग डावा हात घेतला. नऊ.