कीर्तीचं पाणी

आपल्याला कोणाचा हेवा वाटत नाही, असं भूपेंद्र न विचारताच सांगायचा. साकोलीत बसस्टँडमागच्या खोलीत सात महिने खपून त्यानं धानाच्या रोवण्याचा, म्हणजे भातलावणीचा मोबाइल गेम बनवला होता. चारी बाजूंनी बांध घातलेल्या बांधीत पाणी घ्यायचं, पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं लावायची, भरलं की पाणी खालच्या बांधीत सोडायचं. पऱ्ह्यांचं पान न् पान त्यानं स्वतः रंगवलेलं. फक्त पाणी वाहू लागलं की फोन धापा टाकायचा.

मग भागीदार संजीवनं शहापूरची प्रोग्रामर कीर्ती मदतीला आणली. भूपेंद्रनं लिहिलेली प्रत्येक ओळ गेम चालवणारं इंजिन आधी वाचायचं, मग सावकाश अमलात आणायचं. कीर्तीनं पाण्यापुरता कोड सी प्लस प्लसमध्ये वेगळा लिहिला, थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवला आणि इंजिनाला जोडून दिला. याला नेटिव्ह प्लगिन म्हणतात. दोन दिवस लागले. पाणी असं धावलं की संजीव खुर्चीतून उठला.

"काय पाणी आहे बे! पहिल्या स्क्रीनवर कीर्तीचंच नाव वर टाकू."

"टाक ना. मले काय करायचं नावाचं," भूपेंद्र म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही. पऱ्ह्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याला भूक लागेल अशी गोष्ट सापडली. कीर्तीनं प्लगिन फक्त नव्या, चौसष्ट बिटांच्या फोनसाठी बनवलं होतं; जुन्या, बत्तीस बिटांच्या फोनसाठीची फाइलच नव्हती. आणि ज्या शेतकरी गटासाठी गेम होता, त्याचे अध्यक्ष तुलारामजी यांचा फोन चांगलाच जुना होता.

भूपेंद्रनं कीर्तीला काही सांगितलं नाही. गुपचूप दोन ओळी घातल्या: प्लगिन सापडलं नाही, तर भूपेंद्रचं जुनं पाणी चालवावं. तुलारामजींसमोर प्लगिन नापास होईल, तरी गेम चालेल, आणि मग तो नम्रपणे उठून दोन शब्द बोलेल. ते दोन शब्द त्यानं आरशासमोर म्हणूनही पाहिले.

रविवारी गटाच्या सभेत तुलारामजींनी आधी संजीवच्या फोनवर गेम पाहिला.

"हे तं धरणाचं दार उघडल्यावानी आलं. पऱ्हे राहतीन का?"

मग स्वतःच्या फोनवर लावला. पाणी थांबत, अडखळत खालच्या बांधीत उतरलं.

"हां. असं येते बांधीत पाणी. कोनं केलं?"

"या कीर्तीनं," संजीव म्हणाला.

"पोरीले धानाचं समजते. सगळ्यायच्या फोनवर असंच पायजे."

भूपेंद्र अर्धा उठला. पाणी माझं म्हणायचं, तर प्लगिन पडलं हे सांगावं लागणार. आणि ते पडणार हे आपल्याला चार दिवसांपासून माहीत होतं, हेही.

कीर्ती गोंधळली होती. "भूपेंद्रदादा, यांच्या फोनवर प्लगिन चालून राह्यलं ना? इतकं हळू तं नव्हतं ते."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

"चालून राह्यलं ना," भूपेंद्र म्हणाला आणि खाली बसला.

दुपारी साकोलीच्या खोलीत कीर्ती लॅपटॉप उघडून बसली. "पाणी हळू तं करायचं, पण किती? मले तं अंदाजच नाही."

भूपेंद्रनं खुर्ची ओढली, स्वतःचा जुना कोड तिला दिसणार नाही असा उघडला आणि एकेक आकडा सांगू लागला. ती प्लगिनमध्ये घालत गेली.

"दादा, तुमाले हे कसं सुचते?"

"असंच," तो म्हणाला. "अन् बत्तीस बिटांचीबी एक फाइल बनवून टाक. आजच."