भावावर पाळत

अनिताने आबांच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला आणि आकडा स्थिर होईपर्यंत दुसऱ्या हाताने मोबाईल उघडला. बोटावर नव्वद आले. मोबाईलवर चव्वेचाळीस हजार दोनशे. काल बोटावर एक्क्याण्णव होते, तेव्हा ऑक्सिजनचं मशीन पंचेचाळीस हजार नऊशेला होतं. परवा त्र्याण्णव होते, तेव्हा अठ्ठेचाळीस हजारांना. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे नाहीत, असं तिने सकाळीच मनाशी ठरवलं होतं.

"किती?" आबांनी विचारलं.

"नव्वद."

"त्ये न्हाई गं. मशीनचं इचारतोय."

"उतरतंय."

"मंग बरं हाय की," आबा म्हणाले आणि एवढ्या चार शब्दांनी लागलेली धाप जिरवत भिंतीला टेकले.

रखमाजी आबा तिचे सासरे. बावीस वर्षं त्यांनी खडीच्या क्रशरवर काढली होती आणि ती धूळ आता छातीत मुक्कामाला आली होती. तळेगावच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा म्हणून सांगितलं, त्याला आठ दिवस झाले होते. आज-उद्याची घाई नाही, पण महिनाभर लांबवू नका, असं ते म्हणाले होते. मशीनशिवाय पुढचा हिवाळा आबांना निघणार नाही, हे त्यांनी बाहेर बोलावून फक्त अनिताला सांगितलं.

आणि अनिताने नेहमीचंच केलं. मशीन पाळतीवर लावलं.

उर्से गावात ही तिची ख्याती होती. ती कंपनीत पॅकिंगला होती, पण आळीत तिचा मान होता तो मोबाईलमधल्या त्या ॲपमुळे. वस्तूची लिंक त्यात टाकली की वर्षभराचा भाव रेघ मारून समोर येई. सेलच्या आधी पंधरा दिवस भाव गुपचूप चढवायचा आणि मग निम्मा कापल्याचं सोंग करायचं, हे दुकानदारांचं ढोंग त्या रेघेत उघडं पडे. एका दिवाळीला मिक्सर घेताना अनिता अशी फसली होती, तेव्हापासून तिने खूणगाठच बांधली. आपण आपला आकडा लावून ठेवायचा. भाव तिथवर आला की मोबाईल घंटी वाजवतो, तेव्हाच घ्यायचं, तोवर हात लावायचा नाही. लोक वस्तू घ्यायच्या आधी तिच्या दारात येत आणि ती सगळ्यांचे आकडे लावून देई. त्यात तिला थोडा तोराही वाटे, आणि तो का वाटू नये?

दुपारी झुंबरबाई मागच्या दाराशी चहाला बसली. ती डोंगरावरच्या वाडीतली, भात बेणायला, म्हणजे तण काढायला, यांच्याकडे रोजाने येणारी.

"म्हातारबाचं मशीन बी त्यात लावलंस व्हय?" तिने विचारलं.

"व्हय मावशी."

झुंबरबाईने कप खाली ठेवला. "काढ त्ये."

"का?"

"सोपानचं धारा काढायचं मशीन लावलंवतंस. घंटी वाजली त्या दिशी म्हस मेली. दत्तोबाचा वॉकर लावलास. त्याला जाळून मानसं घरला आली आन् तुजी घंटी वाजली. आन् तुज्या नणंदेचा पाळना..."

"मावशी, गप बसा."

सुदुंबऱ्याच्या सुषमाचा पाळणा. पाचव्या महिन्यात तिने हौसेने लावायला सांगितला होता. घंटी वाजली तेव्हा सुषमा दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी येत होती. अनिता ते विसरली नव्हती, फक्त बाकीच्या दोन गोष्टींच्या शेजारी तिने ते कधी ठेवलं नव्हतं.

"आमी देवाला कौल लावतो," झुंबरबाई हळू आवाजात म्हणाली. "दगडाला तांदूळ चिकटवायचं, इचारायचं आन् पडायची वाट बगायची. पर मानसाच्या जिवाचं कदी इचारत न्हाई. तू समद्यांचं इचारत बसलीस. वर आकडाबी तूच सांगतीस, की हितं आलं की कळव म्हनून."

"तसं काय नसतं, मावशी."

"नसंल," म्हणत झुंबरबाईने उरलेला चहा तसाच ठेवला आणि ती शेतात गेली.

रात्रीच्या जेवणाला तिच्या नवऱ्याने, कैलासने, हिशोब मांडला. माणूस वाईट नव्हता. बापावर त्याचा जीव होता, पण आठ हजार वाचणार असतील तर सेलपर्यंत तीन आठवडे कळ काढायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं.

"गेल्या सेलला छत्तीसला गेलेलं तूच दाखवलंस ना? तूच छत्तीसवर लावलंस."

"अहो, सेल तोंडावर आला की भाव चढवतात. हा रोज उतरतोय. असं मी कधी बघितलं न्हाई."

"मग आपलं नशीब जोरावर हाय."

अनिताने ताटं गोळा केली. तिला भीती वाटत होती, आणि ज्या गोष्टीची भीती वाटत होती ती नवऱ्याला सांगताना हसं झालं असतं.

सकाळी बोटावर एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेलं तर सरळ दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोबाईलवर एक्केचाळीस हजार. ती कामावर गेली. दहाच्या चहाच्या सुट्टीत तिने पुन्हा बघितलं, तर एकोणचाळीस. घरी फोन लावला. आबांनीच उचलला. 'हॅलो' म्हटल्यावर पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला की तिने फोन ठेवून दिला आणि उभ्या उभ्या मशीन विकत घेतलं. अडतीस हजार नऊशेला. आपला आकडा यायच्या आधी घेतलेली ही तिची पहिली वस्तू. मग तिने पाळतही काढली. काढायची खात्री आहे का, असं ॲपने विचारलं. 'हो' दाबताना तिचा अंगठा दोनदा चुकला.

मशीन तिसऱ्या दिवशी आलं. त्या दिवशी त्याचा भाव बावन्न हजार होता.

"काय वेळ साधलीस!" कैलास आळीभर सांगत सुटला. अनिताने मात्र यादीतलं एकेक करून सगळं काढून टाकलं. कुणाच्या चपला, कुणाचा कुकर, काही ठेवलं नाही. कुणी विचारलं तर ॲप बंद पडलंय म्हणू लागली.

आबा सावरले. दसऱ्यापर्यंत बोटावर चौऱ्याण्णव यायला लागले. नळी नाकाला लावून ते ओटीवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेने आपल्याला कसं ओढून आणलं ते सांगत. ते ऐकताना अनिताला आतल्या आत भरून यायचं. झुंबरबाई म्हणाली ते खोटंच, असं तिला हळूहळू वाटू लागलं होतं.

शनिवारी तिची दुसरी पाळी होती. डबा पिशवीत टाकून, स्कूटीची किल्ली घेऊन ती बाहेर पडणार, तोच आबांनी हाक मारली.

"अनिता, हितं ये. गंमत दावतो."

त्यांच्या हातात त्यांचा भजनं ऐकायचा मोबाईल होता. चष्मा नाकावर ओढून त्यांनी तो तिच्यापुढे धरला. पडद्यावर एक रेघ होती. डावीकडून उजवीकडे खाली खाली येणारी, मध्ये कुठे न अडखळणारी.

"तुज्यासाठी हेल्मेट लावलंय. पार्किंगमधनं तुजं चोरलं, तवापासून हायवेला उघड्या डोस्क्यानं जातीस. माजा जीव टांगनीला असतो. आपल्या करिष्मानं लावून दिलं. म्हनलं, आईला सांगू नगंस. दुधाचं पैसं साठवल्यात मी."

"आबा..."

"अकराशेवर लावलंय. धा दिसांपूर्वी एकोणीसशे होतं, आता अकराशे वीस. कसं उतारलंय बग."

अनिताने पिशवी खाली टाकली. "आबा, आत्ता घ्या. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता? वीस रुपयं ऱ्हायल्यात की."

"वीस रुपये मी देते. द्या इकडं."

तिने हात पुढे केला. आबांनी मोबाईल लहान पोरासारखा पाठीमागे नेला आणि हसले. कित्येक महिन्यांनी ते न खोकता हसत होते.

"आपला आकडा आल्याबिगर हात लावायचा न्हाई. तूच शिकीवलंस न्हवं?"

"आबा, ऐका माझं. मी सांगते म्हणून..."

पण का ते तिला सांगता येईना. ज्या माणसाने दुधाचे पैसे बाजूला टाकून तिच्यासाठी हे केलं, त्याला तुमच्या मायेचं मला भय वाटतं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ती ओटीच्या पायरीवर तशीच उभी राहिली. कंपनीच्या भोंग्याला वीस मिनिटं होती.

आबांच्या पाठीमागे घंटी वाजली.

"आला!" आबांनी मोबाईल पुढे घेऊन चष्म्यातून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळून निघाला. "आला बग भाव. आता घेतोच. दोन दिसांत घरी येतंय." त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वाचत बटण दाबलं आणि मान वर केली. "आता का थांबलीस? जा, पोरी, बिनघोर जा. उशीर व्हतोय तुला."